पाखराच्या वाट्याची हवा

पोपटाच्या कुळातला एखादा पक्षी घरी आणायचे ठरले की बहुतेक जण पिंजऱ्याची चौकशी करतात, दाण्यांची करतात, फार तर शेजारच्या मांजराची काळजी करतात. घरातल्या हवेचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही, कारण ती हवा आपणही घेत असतो आणि आपल्याला तिचे काही होत नाही. पाळलेल्या पाखराच्या सुरक्षिततेचा विचार मात्र हवेपासूनच सुरू करायला हवा, असे माझे ठाम मत झाले आहे. पंखा, खिडकी, बादली, पिंजऱ्याचा धातू, ताटातले खाणे हे सगळे महत्त्वाचे आहेच, पण त्यातले बरेचसे धोके डोळ्यांना दिसतात. हवेतला धोका दिसत नाही, पुष्कळदा त्याला वासही नसतो, आणि तो लक्षात येईपर्यंत पाखरू पिंजऱ्याच्या तळाशी पडलेले असते.

असे का होते, हे समजायला पक्ष्याच्या श्वासाची रचना थोडी जाणून घ्यावी लागते. आपली फुप्फुसे भात्यासारखी फुगतात आणि आकसतात. एकाच वाटेने हवा आत येते आणि त्याच वाटेने बाहेर जाते. पक्ष्याची फुप्फुसे लहान आणि घट्ट असून ती बरगड्यांना लगटून बसलेली असतात, आणि श्वासागणिक त्यांचा आकार फारसा बदलत नाही. हवा खेळवण्याचे काम शरीरभर पसरलेले पातळ वायुकोश करतात. बहुतेक पक्ष्यांत ते नऊ असतात. आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडायला दोन श्वास लागतात, आणि फुप्फुसांतून ती एकाच दिशेने वाहत राहत असल्यामुळे श्वास सोडतानाही रक्ताला प्राणवायू मिळत असतो. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदाही आपल्यापेक्षा पुष्कळ पातळ असतो. दर हिवाळ्यात हिमालय ओलांडून उजनीच्या पाणथळीवर, भिगवणला उतरणारे पट्टकादंब हंस विरळ हवेतून इतके उंच उडू शकतात, त्यामागे हीच रचना आहे. पण जी रचना विरळ हवेतून प्राणवायू इतक्या नेमकेपणाने काढून घेते, ती हवेतले विषही तितक्याच नेमकेपणाने काढून घेते. त्यात कॉकाटील या तुरेवाल्या छोट्या पोपटाचे वजन साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास आणि बजरीगर या त्याहून लहान पोपटाचे तीस-चाळीस ग्रॅम. एवढ्याशा देहाला विषाची मात्रा ती कितीशी लागणार?

ब्रिटनच्या कोळसा खाणींनी या रचनेचा उपयोग करून घेतला. १८९० च्या दशकात जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने खाणीतला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू ओळखण्यासाठी लहान जिवांना सोबत न्यावे असे सुचवले, आणि पुढे कॅनरी पक्षी खाणकामगारांबरोबर जमिनीखाली उतरू लागले. माणसाला डोके जड झाल्याचे जाणवण्याआधीच कॅनरी दांडीवर डुगडुगू लागत असे. त्यांची जागा यंत्रांनी घ्यावी हा निर्णय व्हायला १९८६ साल उजाडले. गॅस गीझर असलेल्या घरांत गेले की मला या पक्ष्यांची हटकून आठवण होते. न्हाणीघराची खिडकी बंद असताना असा गीझर चालू राहिला तर त्याच वायूने माणसेही दगावतात, आणि तरीही न्हाणीघराच्या दाराबाहेरच्या बोळात पिंजरा टांगलेला मी पाहिला आहे. ती जागा सावलीची, शांत, येता-जाता बोलायला सोयीची होती, एवढेच त्या घरच्यांनी पाहिले होते.

आमच्याकडे कॉकाटील आला तो माझ्या भाच्यामुळे. तो शिकायला परदेशी निघाला तेव्हा त्याने पिंजरा, दाणे, खेळणी आणि सूचनांचे एक भलेमोठे पत्र आमच्या हवाली केले. पाखराच्या नारिंगी गालांवरून त्याचे नाव त्याने केशर ठेवले होते. पत्राची पहिलीच ओळ होती, “मावशी, केशरला आणण्याआधी घरातली नॉनस्टिक भांडी बाहेर काढ.” मला ते अतिशयोक्तीचे वाटले आणि मी त्याला फोन लावला. तो म्हणाला, “मावशी, बाकीचं सगळं चुकलं तरी सावरता येतं गं. हे चुकलं तर सावरायला वेळच मिळत नाही.”

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. नॉनस्टिक भांड्यांवर जो लेप असतो त्यातले मुख्य द्रव्य पीटीएफई या नावाने ओळखले जाते. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला ते दुसराच एक प्रयोग करताना अपघाताने सापडले. साधारण २६० अंश सेल्सियसपर्यंत ते शांत राहते. त्याच्या पुढे लेप खराब होऊ लागतो आणि तापमान आणखी चढले की त्यातून विषारी वायू आणि अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. माणसाला त्याने ताप, अंगदुखी, खोकला असा तात्पुरता त्रास होऊ शकतो. पक्ष्याच्या फुप्फुसांत मात्र त्याने रक्तस्राव होतो, पाणी साठते आणि कित्येकदा काही मिनिटांत सारे संपते. भात शिजवताना, भाजी परतताना भांडे एवढे तापत नाही, हे खरे आहे. पण रिकामे भांडे मोठ्या आचेवर राहिले तर तो टप्पा गाठायला काही मिनिटे पुरतात, आणि आपल्या स्वयंपाकात रिकामा तवा तापत ठेवणे हा नित्याचा प्रकार आहे. डोशासाठी तवा आधी कडक तापवायचा, त्यावर पाण्याचा शिपका मारायचा, तो चुर्र वाजला की मग पीठ घालायचे, अशीच आपल्याला शिकवण असते. त्यात मध्येच दाराची घंटा वाजली, कुरियरवाल्याला सही हवी असली, किंवा पलीकडच्या खोलीतून मुलाने हाक मारली, की तवा विसरला जातो.

माझ्या ओळखीच्या एका घरी असेच झाले. नॉनस्टिक आप्पेपात्र गॅसवर होते, घरची बाई फोनवर होती, आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या दिवाणखान्यात लव्हबर्डची जोडी होती. पात्राला ना धूर आला, ना करपल्याचा वास. तिने आत येऊन गॅस बंद केला, आप्पे केले, मुलांना खाऊ घातले, आणि मग पिंजऱ्याकडे तिचे लक्ष गेले. त्या घरात पाखरांवर प्रेम नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. त्यांना हे कोणी सांगितलेले नव्हते, एवढेच. पिंजरे विकणाऱ्याने नाही, पाखरे विकणाऱ्याने नाही, आणि भांड्याबरोबर आलेला कागद आपल्यापैकी कोण वाचते?

तवा बाजूला काढला म्हणजे हा विषय संपत नाही. हाच लेप किंवा त्याच्या जातीचे लेप सँडविच टोस्टरला असतात, एअर फ्रायरच्या टोपलीला असतात, कित्येक इस्त्र्यांच्या तळाला असतात, केस सरळ करण्याच्या चिमट्यांना असतात, आणि खोली गरम करणाऱ्या काही हीटरमध्येही असतात. नवी वस्तू पहिल्यांदा तापवताना सर्वाधिक सावध राहावे. आमच्याकडे आता बिडाचा तवा आहे, लोखंडी कढई आहे, बाकी स्टील आहे. बिडाच्या तव्यावरच्या घावनांना जी जाळी पडते ती मला नॉनस्टिकवर कधीच मिळाली नव्हती, हेही जाता जाता सांगते. मात्र लोखंडी तव्यावरचे तेल जळून घर धुराने भरले तर तो धूरही पाखराला बाधतो, म्हणून भांडे बदलले तरी आचेवरचे लक्ष सुटता कामा नये.

धुराचे आपल्या घरांशी जुने नाते आहे. सकाळी देवापुढे उदबत्ती, संध्याकाळी धूप, आरतीला कापूर, रात्री डासांची कॉइल, अधूनमधून ठेच्यासाठी भाजलेल्या मिरच्यांचा ठसका. इथे एक मौजेची गोष्ट अशी की मिरचीचा तिखटपणा पोपटाला जाणवतच नाही. आपल्या जिभेवर ज्या द्रव्याने आग होते त्याला प्रतिसाद देणारी यंत्रणा पक्ष्यांच्या शरीरात वेगळ्या घडणीची असते, म्हणून तो हिरवी मिरची मिटक्या मारत खातो. पण त्याच मिरचीचा तव्यावरचा धूर त्याच्यासाठी धूरच असतो. कॉइलच्या बाबतीतही असेच काहीसे आहे. तिच्यातले कीटकनाशक पक्ष्यांना तुलनेने कमी विषारी असते, परंतु रात्रभर बंद खोलीत धुमसणाऱ्या कॉइलमधून निघणारे बारीक कण त्याच्या वायुकोशांत जाऊन बसतात. आम्ही खिडक्यांना जाळ्या लावून घेतल्या आणि पिंजऱ्यावर बारीक विणीची मच्छरदाणी टाकू लागलो.

देवघराचा प्रश्न अधिक नाजूक होता, कारण तो श्रद्धेचा होता. सासूबाईंचा धूप त्यांच्या लग्नापासून कधी चुकलेला नव्हता आणि आमचे देवघर दिवाणखान्यातच आहे. त्यांना कसे सांगावे याचा मी पुष्कळ विचार केला, आणि शेवटी पक्ष्याच्या श्वासाबद्दल जेवढे मला कळले होते तेवढे सगळे त्यांच्यापुढे मांडले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “अगं, मग धूप गच्चीत तुळशीपुढे लावीन. देवाला तुपाचं निरांजन पुरतं. एका जिवाला गुदमरवून कसली पूजा करायची?” तेव्हापासून आरतीच्या वेळी केशर पिंजऱ्यात असतो, कारण उडते पाखरू निरांजनाच्या ज्योतीवर जाऊ शकते, आणि टाळ वाजू लागले की तो शीळ घालतो.

खोलीत फवारायची सुगंधी द्रव्ये, डिओडरंट, केसांवरचे स्प्रे, नखांचा रंग काढायचे द्रव, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, फरशीचे फिनेल ही मंडळी मी पाखराच्या खोलीतून सरळ हद्दपार केली आहेत. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीच एकत्र कधीच वापरू नयेत. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो माणसालाही घातक असतो. घराला रंग द्यायचा असेल किंवा पेस्ट कंट्रोल करून घ्यायचे असेल तर पाखराला वास पूर्ण जाईपर्यंत दुसऱ्या घरी ठेवावे. दिवाळीत आम्ही रस्त्याच्या बाजूच्या खिडक्या लावून घेतो, पिंजरा आतल्या खोलीत नेतो आणि रात्री मंद दिवा चालू ठेवतो, कारण कॉकाटील काळोखात आवाजाने दचकला की पिंजऱ्यातल्या पिंजऱ्यात अंगावर जखमा करून घेईपर्यंत धडपडतो.

माझ्या आजोळी, कोकणात, शेजारच्या घरात ओसरीवर एक पोपट होता. सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या-जाणाऱ्याला तो “विठू विठू” म्हणत असे. त्याचा पिंजरा इतका लहान होता की त्याला पंख पूर्ण उघडता येत नसत, त्याच्या वाट्याला भिजवलेली हरभऱ्याची डाळ, मिरची आणि पेरूची फोड यापलीकडे फारसे काही येत नसे, आणि त्या काळाकडे पाहून गहिवरावे असे त्यात मला काही दिसत नाही. तो पोपट मुळात घरात ठेवायलाच नको होता. आपला हिरवा पोपट, ज्याला कीर म्हणतात, आणि त्याचा मोठा भाऊबंद करण, हे दोघेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात; त्यांना पकडणे, विकणे, पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे, आणि घरात आजही असा पोपट असेल तर तो वन विभागाच्या स्वाधीन करणे हाच योग्य मार्ग आहे. त्याला स्वतःच गच्चीवरून सोडून देऊ नये, कारण पिंजऱ्यात वाढलेला पोपट रानात तग धरत नाही. कायद्याने पाळता येतात ते परदेशी कुळातले पक्षी, म्हणजे ऑस्ट्रेलियातले बजरीगर आणि कॉकाटील, आफ्रिकेतले लव्हबर्ड, ग्रे पॅरट वगैरे. त्यातही साइटीस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत नोंदलेल्या ग्रे पॅरटसारख्या प्रजातींची नोंदणी २०२४ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे परिवेश संकेतस्थळावर करावी लागते.

ओसरीवरच्या त्या पोपटाला एक गोष्ट मात्र लाभलेली होती. त्याच्याभोवती मोकळी हवा वाहत होती. चूल मागच्या पडवीत, ओसरी पुढे, आणि मध्ये दोन खोल्या व दोन दारे. आज आपण पक्षी ठेवतो ते अशा सदनिकांत, जिथे स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामधली भिंत पाडून ओटा दर्शनी आणला आहे, सज्जाला काचा लावून तो खोलीत घेतला आहे, आणि उन्हाळ्यात वातानुकूलन चालू असल्यामुळे खिडक्या उघडल्याच जात नाहीत. अशा घरात ओट्यावर जे घडते ते काही क्षणांत पिंजऱ्यापर्यंत पोहोचते.

मग पाखराला दूरच्या, बंद खोलीत ठेवावे काय? अनेक जण हा उपाय सुचवतात आणि मला तो मान्य नाही. पोपटकुळातले पक्षी थव्याने जगणारे आहेत. त्यांचा दिवस इतरांच्या आवाजात, हालचालीत, एकमेकांच्या पिसांची निगा राखण्यात जातो. असे पाखरू एकटे कोंडले तर ते किंचाळू लागते, किंवा स्वतःचीच पिसे उपटून छाती उघडी करून घेते. माणसांच्या घरात माणसेच त्याचा थवा असतात, म्हणून त्याला माणसांत राहू द्यायला हवे, आणि ते माणसांत राहणार असेल तर घरालाच आपली रीत बदलावी लागते. आम्ही पिंजरा ओट्यापासून जास्तीत जास्त लांब, बंद करता येईल अशा दाराच्या पलीकडे, पण जिथे आम्ही संध्याकाळी बसतो त्याच खोलीत ठेवला आहे. फोडणीच्या वेळी मधले दार लावलेले असते आणि ओट्यावरचा पंखा चालू असतो.

हवेनंतर, आपल्याकडच्या घरांत, मी छताच्या पंख्याला धरते. थंड देशांतल्या पक्षीपालकांच्या लेखनात त्याचा उल्लेख ओझरता येतो, कारण तिथे तो फारसा फिरत नाही. आपल्याकडे तो आठ-नऊ महिने फिरत असतो, आणि पाखराची स्वाभाविक ओढ खोलीतल्या सर्वात उंच जागेकडे असते. पिंजऱ्याचे दार उघडण्याआधी पंखा बंद करायचा आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत दाराला हात लावायचा नाही, हा नियम बहुतेकांना माहीत असतो. घात होतो तो वीज गेल्यावर. लाइट गेलेले असतात, पंखा आपोआप थांबलेला असतो, उकाड्याने पाखरू अस्वस्थ झालेले असते, म्हणून घरातले कोणीतरी त्याला मायेने बाहेर काढते. बटण मात्र चालूच असते. वीज येते ती न सांगता येते. तेव्हा पंखा थांबलेला दिसणे पुरेसे नाही, बटण बंद असायला हवे, आणि शक्य असेल तर त्या बटणावर चिकटपट्टीच लावावी, कारण पाहुणे घामाघूम होऊन येतात आणि न विचारता पंख्याकडे हात नेतात. ज्या खोलीत केशर उडतो त्या खोलीतला छताचा पंखा आम्ही उतरवून टाकला आणि भिंतीवर जाळीचा पंखा बसवला. उन्हाळ्यात थोडे सोसावे लागते.

उडण्यावरून पंख कातरण्याचा विषय निघतो. पंख कातरले म्हणजे पाखरू सुरक्षित झाले, असे विकणारे ठासून सांगतात. मला ते पटत नाही. कातरलेल्या पंखांचा पक्षी अंदाज चुकून छातीवर आपटतो, जमिनीवर फिरू लागतो आणि पायाखाली, दारात, झुलत्या खुर्चीच्या कमानीखाली सापडतो. शिवाय गॅलरीत वाऱ्याचा झोत आला की तोही तरंगत खाली जातोच. बाहेर कावळे आणि घारी असतात आणि शहरात वाढलेल्या कॉकाटीलला त्यांची ओळख नसते. खिडक्यांच्या जाळ्या घट्ट असाव्यात आणि पाखरू मोकळे असताना मुख्य दार उघडण्याआधी एकमेकांना मोठ्याने विचारण्याची सवय घरातल्या प्रत्येकाला असावी. नव्या पाखराला मोठ्या काचेची आणि आरशाची ओळख हळूहळू, काचेवर कागदाच्या पट्ट्या लावून करून द्यावी. पाण्याने भरलेली बादली, पिंप, उघडा कमोड यांत पडलेले पाखरू गुळगुळीत कडेवरून वर चढू शकत नाही, म्हणून प्रत्येकाला झाकण हवे. उंदरांसाठी ठेवलेला गोंदाचा पुठ्ठा तर पाखराच्या घरात असूच नये.

लहान मुलांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते. त्याच्या छातीचे हाड पुढे-मागे हलते तेव्हाच हवा आत-बाहेर होते. म्हणून पाखरू मुठीत छातीभोवती घट्ट धरले तर त्याचे नाक-तोंड मोकळे असूनही ते गुदमरते. मूल प्रेमाने आवळते, पाखरू निपचित होते, आणि काय झाले ते कोणालाच कळत नाही. मुलांना पाखरू धरायला शिकवण्यापेक्षा ते बोटावर बसवायला शिकवावे.

बाजारातले स्वस्त पिंजरे बहुधा जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेचे असतात. पोपट चोचीचा वापर तिसऱ्या पायासारखा करतो, तारांवरून चढतो, त्यांना चाटतो, कुरतडतो, आणि मुलाम्याचे कण त्याच्या पोटात जातात. असे जस्त साठत गेले की पाखरू मलूल होते, फार पाणी पिते, उलटी काढते, पायांतले बळ जाते. शिशाचेही असेच आहे आणि ते कित्येक अनपेक्षित जागी सापडते: पडद्याच्या खालच्या दुमडीतले वजन, जुन्या रंगाचे पोपडे, झाळणकामाचे ठिपके, स्वस्त घंटीची लोळी. क्ष-किरण तपासणीत हे कण पुष्कळदा दिसतात आणि धातू शरीराबाहेर काढणारी औषधे वेळेवर मिळाली तर पाखरू वाचतेही. स्टेनलेस स्टीलचा पिंजरा महाग पडतो. तो परवडत नसेल तर मुलाम्याच्या तारा ब्रशने व्हिनेगर लावून घासाव्यात आणि भरपूर पाण्याने धुऊन उन्हात वाळवाव्यात, म्हणजे निदान वरची सैल पूड निघून जाते. खेळण्यांतल्या दोऱ्यांचे सुटलेले धागेही रोज पाहावेत, कारण ते बोटाला गुंडाळले गेले की बोट गमावण्याची वेळ येते.

खाण्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तेवढी माहिती बऱ्याच जणांना असते. ॲव्होकाडो आता आपल्याकडच्या भाजीबाजारातही दिसू लागला आहे. त्यातल्या पर्सिन या द्रव्याने पक्ष्याच्या हृदयावर घाला येतो, म्हणून तो चाखायलाही देऊ नये. चॉकलेट, कॉफी, चहा, दारू, कांदा, लसूण, खारवलेले फरसाण, सफरचंदाच्या बिया हेही दूर ठेवावे. बशीतला चहा पोपटाला पाजण्याचे कौतुक अनेक घरांत असते; ते कौतुक थांबवायला हवे. आपल्या तोंडातला घास पाखराच्या चोचीत देऊ नये, कारण आपल्या लाळेतले जंतू त्याला सोसत नाहीत. कुंड्यांपैकी कण्हेर, डिफेनबेकिया आणि घरोघरी चढवलेला मनीप्लांट त्याच्या चोचीच्या टप्प्यात नसावा.

हे सगळे सांभाळूनही पाखरू आजारी पडते, आणि आजार लपवणे हा त्याच्या स्वभावाचा भाग आहे. रानात जो पक्षी दुबळा दिसतो तो आधी शिकार होतो, म्हणून अगदी थकेपर्यंत तो धडधाकट असल्यासारखा वावरतो. पिसे फुगवून दिवसा झोपणे, दांडी सोडून तळाशी बसणे, श्वासाबरोबर शेपूट वर-खाली होणे, चोच उघडी ठेवून धापा टाकणे ही लक्षणे दिसली तर उद्याची वाट पाहू नये. त्याआधीची खूण वजनात सापडते. केशरला आम्ही दर रविवारी सकाळी दाणे देण्याआधी स्वयंपाकघरातल्या ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर उभे करतो आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. शंभर ग्रॅमच्या पाखराचे दहा ग्रॅम कमी होणे डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसते.

पशुवैद्य पुष्कळ असतात, पक्ष्यांवर उपचार करणारे थोडे असतात, आणि ते कुठे आहेत याचा शोध पाखरू घरी आणण्याआधीच घ्यायला हवा. त्यांचा फोन क्रमांक, रात्री कोण भेटते त्याचा क्रमांक आणि पाखराला न्यायची हवेशीर, झाकणाची पेटी हे सगळे एका जागी, घरातल्या प्रत्येकाला माहीत असेल असे ठेवावे. आम्ही गावाला गेलो की मागे केशरला सांभाळणाऱ्या शेजारच्या काकूंनाही ते दाखवून ठेवतो. धूर किंवा वाफ लागल्याची शंका आली तर आधी गॅस बंद करून पाखराला त्या घरातून मोकळ्या हवेत न्यावे, खिडक्या उघडण्याचे काम दुसऱ्याने करावे, आणि ते सावरल्यासारखे दिसले तरी दवाखाना टाळू नये, कारण फुप्फुसांत पाणी साठायला कधी कधी काही तास लागतात. त्याला पेटीत ऊबेत आणि अंधारात ठेवावे, बळेच पाणी पाजू नये, आणि वाटेतूनच डॉक्टरांना फोन करून काय जळले, किती वेळापूर्वी जळले आणि पाखरू तेव्हा कुठल्या खोलीत होते एवढे सांगावे, म्हणजे आपण पोहोचेपर्यंत तिथे ऑक्सिजनची तयारी झालेली असते.